युरोपियमच्या काचेत जस्त घालण्याआधी कोरी काच ओता

मी कोल्हापुरात एम.एस्सी.च्या मुलांचे प्रकल्प बघते. युरोपियम हा धातू काचेत घातला की काच प्रकाशात लाल चमकते. ‘मॅडम, जस्त घातलं आणि काच जास्त लाल चमकली,’ असं कुणी सांगत आलं की मी म्हणते, बिनजस्ताची काच दाखव. ती ओतलेलीच नसते.

तर आधी ती ओता. ७० मोल टक्के बोरॉन ऑक्साइड, २९.५ सोडियम ऑक्साइड, ०.५ युरोपियम ऑक्साइड. बोरिक आम्लातलं पाणी भट्टीत उडून जातं, म्हणून १ ग्रॅम बोरॉन ऑक्साइडसाठी १.७८ ग्रॅम आम्ल तोला. सोडियम ऑक्साइडसाठी सोडियम कार्बोनेट घेतो, पण आपल्या पावसाळ्यात ते ओल धरतं; आदल्या रात्री ओव्हनमध्ये ठेवा. ओलीतून काचेत राहिलेले हायड्रॉक्सिल (OH) गट प्रकाश मंदावतात. खल अकीकाचाच घ्या. लोखंडाचा अंश उतरला तर तोही प्रकाश गिळतो आणि दोष जस्ताच्या माथी जातो.

दुसऱ्या काचेत बोरॉन ऑक्साइड १० मोल टक्के कमी करून, म्हणजे ७० ऐवजी ६० घेऊन, तेवढंच झिंक ऑक्साइड घाला. बाकी काही हलवू नका: तशीच मूस, तेच तापमान, तेवढाच वेळ, घासून तेवढीच जाडी.

आता ३९४ नॅनोमीटरच्या प्रकाशाने काच उद्दीपित करा, म्हणजे चमकायला लावा, आणि तिच्यातून निघणाऱ्या प्रकाशातल्या ५९० आणि ६१२ नॅनोमीटरच्या रेषा मोजा. ५९० ची रेषा युरोपियमच्या शेजारच्या अणूंकडे फारसं लक्ष देत नाही. ६१२ ची मात्र फार हळवी. शेजारची मांडणी जितकी असममित, तितकी ती वाढते. म्हणून नुसती उंची बघू नका, ६१२ भागिले ५९० काढा. गुणोत्तर वाढलं, तर जस्तामुळे युरोपियमची जागाच बदलली. दोन्ही रेषा सारख्याच वाढल्या असतील, तर कारण दुसरीकडे शोधा: ओल कमी झाली, नमुना जाड निघाला, किंवा दुसरा आयन युरोपियमला ऊर्जा पुरवतोय.

गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, मुशीत चांदी वितळताना पाहिलेल्या आमच्या मुलांना चांदीचाही मोह होतो. सिल्व्हर नायट्रेट घाला, पण तापवताना तांबूस विषारी वायू निघतो, वायू बाहेर ओढणारा फ्यूम हूड लागतोच. काच पिवळी पडली तर चांदीचे नॅनोकण तयार झालेत. ते साधारण ४०० ते ४३० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात, म्हणजे तुमच्या ३९४ च्या अगदी शेजारी. अशा वेळी शोषणाचा आलेख काढा आणि ४६४ नॅनोमीटरनेही उद्दीपित करून बघा. ३९४ ला चमक घटली आणि ४६४ ला तेवढी घटली नाही, तर युरोपियमपर्यंत पोचायच्या आधीच चांदी प्रकाश खातेय.