नवा कॉम्प्युटर जुन्याच्या किती पट? रेकॉर्डिंगच्या कामासाठी असं मोजा

गायिका हेडफोन लावून उभी आहे, गाणं रंगात आलंय, आणि दुसऱ्या अंतऱ्यात कानात टक्‌ टक्‌ सुरू होतं. टेक वाया जातो, आणि त्यात घेतलेली हरकत पुन्हा तशीच येत नाही. मग नवं मशीन घ्यायचं ठरतं आणि आपण जाहिरातीतले गिगाहर्ट्‌झ नि कोअर मोजत बसतो. ते आकडे खोटे नसतात, पण आपला प्रश्न वेगळा आहे: ठरलेल्या वेळात हे मशीन किती काम उरकतं?

ती वेळ बफर ठरवतो, म्हणजे मशीन एका वेळी हिशेबाला घेतं तो आवाजाचा छोटा तुकडा. तो सॅम्पलमध्ये, म्हणजे सेकंदाला हजारो वेळा घेतलेल्या आवाजाच्या मोजमापांत मोजतात; सेकंदाला किती सॅम्पल, तो सॅम्पल रेट. ४८ किलोहर्ट्‌झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद. तेवढ्यात सगळ्या ट्रॅकचा, सगळ्या प्लगइनचा (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचा) हिशेब पुरा व्हावा लागतो. नाही झाला की आवाज फुटतो. ९६ किलोहर्ट्‌झवर तोच बफर ठेवला तर हाती जेमतेम १.३ मिलिसेकंद उरतात. म्हणून दोन्ही मशीनवर सॅम्पल रेट आणि बफर सारखेच ठेवा, आणि इंटरफेसही (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) तोच जोडा, कारण ड्रायव्हर बदलला तरी निकाल बदलतो.

आता चाचणीचा प्रोजेक्ट बनवा. एकाच ट्रॅकवर तीन-चार मिनिटांचं गाणं ठेवा आणि त्यावर तुम्ही रोज वापरता तेच प्लगइन लावा: एक ईक्यू, एक कॉम्प्रेसर, एक रिव्हर्ब. दोन्हीकडे सॉफ्टवेअरची आणि प्लगइनची आवृत्ती एकच हवी. रीपर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर वापरत असाल तर ‘अँटिसिपेटिव्ह एफएक्स’ची सेटिंग आवर्जून पाहा. ही सोय पुढच्या आवाजाचं काम आधीच करून ठेवते. एकीकडे चालू आणि दुसरीकडे बंद राहिली तर तुलना बाद. नव्या मॅकवर सॉफ्टवेअर रोझेटातून (इंटेल मॅकसाठीची सॉफ्टवेअर नव्या मॅकवर चालवणारा ॲपलचा दुभाषा) चालतंय की थेट, हेही तपासा.

पहिली चाचणी आडवी. तोच ट्रॅक प्लगइनसकट डुप्लिकेट करत जा. टकटक ऐकू आली की दोन ट्रॅक कमी करा, पूर्ण गाणं वाजवा, आणि स्वच्छ वाजलं तर तो आकडा वहीत लिहा. हेच ६४, १२८ आणि ५१२ बफरला करा. समजा १२८ ला जुन्यावर ४० ट्रॅक चालले आणि नव्यावर १००, तर त्या बफरला नवं मशीन अडीच पट. ५१२ ला हेच प्रमाण निघेल असं धरून चालू नका.

दुसरी चाचणी उभी, आणि माझ्या मते हीच जास्त महत्त्वाची. इथे ट्रॅक एकच, त्याला रेकॉर्डसाठी आर्म (सज्ज) करा आणि प्लगइन एकाखाली एक लावत जा. पहिल्याचं काम झाल्याशिवाय दुसऱ्याला सुरुवात करता येत नाही, त्यामुळे ही साखळी बहुतेक एकाच कोअरवर पडते. बाकीचे कोअर रिकामे असतात, सरासरी सीपीयू ३० टक्के दिसतो, आणि आवाज तरीही फुटतो! गायिकेच्या लाइव्ह ट्रॅकचं आणि मास्टर बसचं (सगळे ट्रॅक जिथे एकत्र होतात ती शेवटची वाट) दुखणं नेमकं हेच असतं.

कोअरच्या बेरजेवर विसंबू नये ते यासाठीच. २०२० च्या अखेरीस आलेल्या ॲपलच्या एम१ मध्ये ८ कोअर आहेत, पण ४ वेगवान आणि ४ वीज वाचवणारे.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा आणि आडव्या चाचणीचा अखेरचा आकडा २० मिनिटं सलग चालवून पाहा. तापलं की मशीन स्वतःचा वेग उतरवतं, विशेषतः पंखा नसलेलं. मे महिन्याच्या दुपारी बंद खोलीत जो आकडा टिकतो तोच खरा धरा.

डीएसपी कार्डांचा, म्हणजे प्लगइनचं काम स्वतःच्या चिपवर करणाऱ्या जोड-कार्डांचा, हिशेब निराळा. प्रो टूल्स या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या एचडी ॲक्सेल कार्डावर ९ चिप होत्या, २०११ च्या एचडीएक्सवर १८. म्हणून ताकद दुप्पट म्हणावी तर कंपनीने कार्डामागे पाचपट सांगितली, कारण चिपच नव्या पिढीच्या होत्या. शिवाय जुन्या कार्डावरचे टीडीएम प्रकारचे प्लगइन एचडीएक्सवर चालतच नाहीत. तिथे एएएक्स प्रकारचे प्लगइन लागतात. अशा वेळी चिपांऐवजी तुमचं एक नेहमीचं सेशन त्या कार्डात मावतं का, ते बघा.

सॅम्पल लायब्ररीतले (खऱ्या वाद्यांचे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेले आवाज) तबला-तानपुरे चाचणीत घेऊ नका. तिथे रॅम आणि एसएसडीचा वाटा मोठा असतो, त्यांची परीक्षा वेगळी करा.

वहीतले आकडे बघून ठरवा. आडव्या चाचणीत नवं मशीन तिप्पट आणि उभ्या चाचणीत सव्वापट निघालं, तर मोठे मिक्स सहज होतील, पण गायिकेच्या कानातली टकटक फारशी हटणार नाही. तेव्हा आधी रेकॉर्डिंगच्या वेळी मास्टरवरचे जड प्लगइन बंद करून पाहा. तेवढ्याने भागलं तर खरेदी थोडी लांबवता येईल. आणि चाचणीचा प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर ठेवा; ओळखीच्या कुणाकडे तसं मशीन असेल, तर पैसे देण्याआधी अर्धा तास तिथे बसून हे सगळं करून घ्या.