तीन रूपांचा तक्ता बाजूला ठेवा, कालचा दिवस लिहा

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझी इंग्रजीची शिकवणी आहे. संध्याकाळच्या बॅचला नववी-दहावीची मराठी माध्यमाची मुलं असतात. पहिल्याच दिवशी बहुतेकांची तक्रार ठरलेली: "मॅडम, ती व्ही वन, व्ही टू, व्ही थ्री पाठच होत नाहीत." म्हणजे इंग्रजी क्रियापदांची गो-वेंट-गॉन अशी तीन रूपं.

होणारच नाहीत. तक्ता एबीसीडीच्या क्रमानं असतो. बिकम, बिगिन, बाइट, ब्लो एकाखाली एक येतात आणि चौघांची चाल वेगळी. म्हणून आधी तक्ता मिटा आणि आपल्या घरातलं लहान पोर आठवा. ते "मी करलं" म्हणतं. आपण "केलं" म्हणत राहतो आणि काही महिन्यांत तेही "केलं" म्हणायला लागतं. जा-गेला, ये-आला, हो-झाला, मर-मेला: रोजच्या तोंडातली क्रियापदंच अशी आडवळणी असतात, कारण सतत वापरात राहिल्यामुळं त्यांची जुनी रूपं टिकून राहतात. इंग्रजीतही तेच झालंय. वेंट हे तर मुळात गोचं रूपच नव्हे. वेंड नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचं ते रूप, गोला येऊन चिकटलं.

तेव्हा सुरुवात रोजच्या कामांपासून करायची. माझ्याकडं एक मुलगा होता, पहाटे वडिलांबरोबर गंगावेशीत म्हशी घेऊन जाणारा. गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध द्यायचं आणि मग शाळा. त्याला मी कालचा दिवस इंग्रजीत लिहायला लावला. वोक, ड्रँक टी, टुक द कॅन, वेंट, सोल्ड मिल्क, गॉट मनी, केम होम, एट, स्लेप्ट. लिहून झाल्यावर तोच म्हणाला, "मॅडम, ही सगळी तक्त्यातलीच हायत की!" रोज अशा पाच ओळी. जास्त नकोत.

ओळी लिहिताना जी रूपं अडतील, ती आवाजाप्रमाणं गटात टाका. सिंग-सँग-संग, रिंग-रँग-रंग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक हा एक गट. कट, पुट, शट, हर्ट, कॉस्ट हा न बदलणाऱ्यांचा. थिंक-थॉट, बाय-बॉट, ब्रिंग-ब्रॉट, टीच-टॉट, कॅच-कॉट हा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण माझी पहिली नोकरी त्यानंच गेली. शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत होती आणि मी "आय टीच्ड" म्हणाले. पुढचा प्रश्नच आला नाही. बॉट की ब्रॉट असा गोंधळ झाला, तर ब्रिंगमधला र धरा, तोच ब्रॉटमध्ये आहे. कॉट तर क्रिकेटच्या धावफलकावर लहानपणापासून बघतोय आपण. एक गट घ्यायचा आणि रंकाळ्यावर चालता चालता मोठ्यानं म्हणायचा. मनातल्या मनात म्हटलेलं ऐनवेळी जिभेवर येत नाही.

रूपं पाठ असूनही मुलं "आय डिड नॉट वेंट" लिहितात. दोष आळसाचा नाही. मराठीत "मी गेलो नाही" म्हणताना भूतकाळ "गेलो"मध्येच राहतो. इंग्रजीत तो डिडनं उचलून घेतलेला असतो, म्हणून पुढं साधं गो. हे एकदा समजावून सांगितलं की शंभरदा खोडावं लागत नाही.

वाक्प्रचारांचं दुखणं वेगळं आहे. "नाद खुळा" शब्दशः इंग्रजीत सांगून बघा, हाती काहीच लागणार नाही. म्हणून वहीत अर्थाआधी प्रसंग लिहायचा: हे कोण, कुणाला, कधी म्हणेल? एका मुलीनं आजोबांच्या निधनाबद्दलच्या पत्रात "किक्ड द बकेट" लिहिलं होतं. अर्थ बरोबर होता, गाइडात "मरणे" असंच छापलेलं. पण ते थट्टेच्या सुरात बोलायचं, आपण "गचकला" म्हणतो तसं. तिला हे सांगितल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून प्रत्येक वाक्प्रचारापुढं मी "कुठं म्हणायचं नाही" हेही लिहून घेते.

मराठीतला जोडीदार सापडला तर सोनंच. वन्स इन अ ब्लू मूनला आपलं सठीसामाशी, लेट द कॅट आउट ऑफ द बॅगला बिंग फोडणं. सापडला नाही तर ओढूनताणून जोडू नका.

आणि इथंच क्रियापदांची आणि वाक्प्रचारांची अशा दोन्ही वह्या एकत्र येतात. वाक्प्रचारातले बाकीचे शब्द सहसा हलवायचे नाहीत, पण क्रियापद काळाप्रमाणं बदलतं: ब्रेक द आइसचं (अवघडलेपणा मोडून बोलायला सुरुवात करणं) ब्रोक द आइस, बाइट द बुलेटचं (नाइलाजानं अवघड गोष्ट सोसणं) बिट द बुलेट. त्या दूधवाल्या मुलाच्या वहीत महिन्याभरानं एक ओळ आली होती. बाजारात नव्या गिऱ्हाइकाशी कुणी बोलेना, तेव्हा "माय फादर ब्रोक द आइस." मी तिच्याखाली तांबड्या पेनानं फक्त तारीख घातली.