जळणाची वखार: ओलं घ्यायचं, वाळवून विकायचं

सांगली जिल्ह्यात विटा-खानापूरच्या पट्ट्यात आमची जळणाची वखार आहे. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी ती घातली. आता मी आणि माझा थोरला मुलगा बघतो. "काकू, जागा आहे, ट्रॅक्टर आहे, वखार टाकू का?" असं विचारायला बरीच मुलं येतात. त्यांना मी आधी वही-पेन घेऊन बसवते, कारण या धंद्यात नफा-तोटा ठरवतं ते लाकडातलं पाणी.

ताजं तोडलेलं लाकूड वजनाने जवळजवळ निम्मं पाणीच असतं. हलक्या जातीत जास्त, बाभळीसारख्या जड जातीत थोडं कमी. चुलीत नीट जळायचं तर ते पाणी 15 ते 20 टक्क्यांवर यावं लागतं. आता हिशेब मांडा. 1000 किलो ओला माल आणला, त्यात 500 किलो पाणी. वाळून 20 टक्क्यांवर आला की तोच माल काट्यावर 625 किलो भरतो. 375 किलो उन्हात उडून गेलं. समजा माल जागेवर 3000 रुपयांना पडला, तोड-भराई 700, वाहतूक 800, फोडाई 600. झाले 5100. नवखा माणूस याला 1000 ने भागतो, किलोला 5 रुपये 10 पैसे काढतो आणि 7 रुपयांनी विकून खूश होतो. भागायचं 625 ने. किलो पडलं 8 रुपये 16 पैसे. 7 ने विकलं तर त्या एका टनामागे 725 रुपये पदरचे गेले. आकडे तुमच्या गावचे घाला, रीत हीच ठेवा. जागेचं भाडं, घट, उधारीत अडकलेला पैसा हे सगळं त्याच्या वर.

मग ओलंच विकलं तर? काही जण विकतात. पण एक किलो पाण्याची वाफ करायला सहाशेच्या वर किलोकॅलरी जातात. निम्मं पाणी असलेल्या एका किलोत लाकूड अर्धाच किलो, आणि त्याची उष्णताही आधी स्वतःचं पाणी उडवण्यात खर्च होते. वाळलेल्या किलोच्या जेमतेम निम्मी आच गिऱ्हाइकाच्या हाती लागते, आणि वर धूर. पाचशे माणसांचा भात चढवलेल्या आचाऱ्याला भर मांडवात फुंकणी घेऊन बसायला लावणारं जळण माझ्या वखारीतून जात नाही. त्याने पैसे मोजलेत ते आचेचे. अगदीच नड म्हणून कोणी ओलसर माल मागितला तर पावतीवर 'ओलं' लिहून कमी भावाने द्यायचं.

माल कुठून, कोणता

आमच्याकडे बांधावरची बाभूळ आणि सुबाभूळ येते, आटपाडी-सांगोला-जतकडच्या माळावरची वेडी बाभूळ येते, आणि तासगाव भागात जुन्या द्राक्षबागा काढल्या की त्यांची खोडं येतात. वेडी बाभूळ वेडीवाकडी, काटेरी. थप्पी लावताना जीव काढते, पण जळायला उत्तम, आणि तोडली तरी बुडातून पुन्हा फुटते. रस्तारुंदीकरणात बांधकाम खातं झाडांचा लिलाव करतं, त्यावरही लक्ष ठेवा. मात्र रस्त्याकडेच्या झाडात खिळे, तारा, जाहिरातींचे पत्रे रुतलेले असतात. चेन सॉ लावण्याआधी साल नीट बघा, नाहीतर साखळी तुटून माणसाच्या अंगावर येते.

जळणात बाभूळ पहिली. जड असते, सावकाश जळते आणि निखारा धरून ठेवते. सुबाभूळ तिच्याखाली, पण फोडायला सोपी आणि लवकर वाळते. निलगिरी भरभर जळते, आच चांगली देते. ताजी असतानाच फोडून घ्या, वाळली की पिळाची होऊन कुऱ्हाडीला दाद देत नाही. चिंच आचेला जबरदस्त आणि फोडायला महाकठीण. शेवगा, पांगारा, सावर भडकतात आणि विझतात, त्यांना फुकटही वखारीत जागा देऊ नका. कडुलिंबाचा धूर कडू, स्वयंपाकाला नको. कण्हेर तर चुकूनही नको, तिचा धूरसुद्धा विषारी. ट्रॉली उतरवताना एखादी फांदी आलीच तर वेचून बाजूला काढा. रंग दिलेलं, प्लायचं, जुन्या फर्निचरचं लाकूड अन्नाखाली जाळायला देऊ नये, मागणारा कितीही ओळखीचा असो. वड, पिंपळ, उंबर आमच्याकडे लोक चुलीला लावत नाहीत. पळस, पिंपळ, उंबराच्या समिधा मात्र श्रावणात लागतात. वाळलेल्या काड्या वेगळ्या जुड्या बांधून ठेवल्या तर गुरुजी घेऊन जातात.

कागद

या बाबतीत मी फार कडक आहे. सौदा करण्याआधी सातबारा बघायचा. त्यावर चार भावांची नावं असतील तर चौघांच्या सह्या. झाड बांधावर असेल तर शेजाऱ्याचीही लेखी संमती. झाड पडल्यावर भांडण सुरू झालं की ट्रॉली जागेवर अडते आणि मजुरांचा दिवस तुमच्या अंगावर येतो.

ग्रामीण भागात 1964 चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम लागतो. साग, चंदन, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, ऐन, किंजळ, अंजन अशी अनुसूचित झाडं स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. "आमच्याच मळ्यातला आंबा आहे, वहिनी, कोण विचारतंय" असं म्हणणाऱ्याला मी नम्रपणे परत पाठवते. शहरात 1975 चा वेगळा कायदा आहे, परवानगी नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडून घ्यावी लागते. तोडीचा आणि वाहतुकीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही लक्षात ठेवा. शेतात लावल्या जाणाऱ्या सुबाभूळ, निलगिरी अशा जातींना वाहतुकीत सवलत आहे, पण कोणत्या जातीला काय हे वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात विचारून, लिहून घ्यावं. गाडीबरोबर कागद असलाच पाहिजे. राखीव जंगलातलं लाकूड घेऊ नका, मोळीभरसुद्धा.

लाकूड चिरायला आरा मशीन बसवायचा मोह होतो. त्याला वन खात्याचा वेगळा परवाना लागतो आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशानंतर त्याकडे फार काटेकोर पाहिलं जातं. जळणासाठी त्याची गरजही नाही; चेन सॉ, कुऱ्हाड, पाचर आणि घण एवढ्यावर आमची वखार चालते. बाकी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, उद्यम नोंदणी (ऑनलाइन होते, पैसे लागत नाहीत) आणि काट्याची वैधमापन खात्याकडून दर वर्षी पडताळणी. जळाऊ लाकडाला जीएसटी नाही. पुढे ब्रिकेट, म्हणजे भुस्सा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या, विकायला घेतल्या तर त्यांना आहे, तेव्हा हिशेब वेगळा ठेवा.

फोडणं आणि वाळवणं

खरी वखार इथे आहे. सालीसकट गोल ओंडका वर्षभर ठेवला तरी आतून ओलाच राहतो, कारण साल पाणी सोडत नाही. ते निघतं ते कापलेल्या तोंडातून आणि फोडलेल्या अंगातून. म्हणून माल उतरला की पहिल्या आठवड्यात फोडायचा, आणि ओला असतानाच तो सोपा फुटतोही.

आमचे तात्या फोडायला बसतात ते आधी ओंडका फिरवून त्याचं तोंड बघतात. तोंडावर बारीक चीर कुठून कुठे गेलीय ते पाहून तिच्याच रेषेत कुऱ्हाड टाकतात. गाठ असेल तर गाठीवर घाव कधीच नाही. तिच्या बगलेतून सोलल्यासारखं काढत येतात, आणि गाठ शेवटी एकटी राहिली की पाचर घालून घणाने. बुंध्याकडचं तोंड खाली, शेंड्याकडचं वर. नवा माणूस जोर लावतो, तात्या नुसती चीर शोधतात, आणि संध्याकाळी ढीग त्यांचा मोठा असतो. ट्रॅक्टरवर चालणारी फोडणी यंत्रं मिळतात, पण रोजचा एखादा टन माल असल्याशिवाय ते परवडत नाही.

माप गिऱ्हाइकाप्रमाणे. बेकरीला अडीच-तीन फुटी जाड फोड, आचाऱ्याला दोन फुटी, मनगटाएवढी. बंबफोड, म्हणजे पाणी तापवायच्या बंबात घालायची, वीतभर लांब, दोन बोटं जाड. वेळखाऊ काम, म्हणून भाव जास्त, आणि घ्यायला लोक तयार असतात. ढलप्या गोणीत भरून पेटवणासाठी वेगळ्या विकल्या जातात, फेकू नका.

थप्पी जमिनीवर कधीही लावू नये. खाली दगड, त्यावर निलगिरीचे वासे, म्हणजे अर्धा फूट मोकळी जागा राहते. वारा जातो आणि वाळवीही लवकर चढत नाही. थप्पी एक फोड रुंद, छातीएवढी उंच. दोन्ही टोकांना उभी-आडवी रचना करायची, म्हणजे ढासळत नाही. दोन थप्प्यांत दोन फूट वाट. आमच्याकडे वारा पश्चिमेकडून, म्हणून थप्प्या अशा लावायच्या की वारा वाटांमधून आरपार जाईल. वरच्या थरात साल वर. ताडपत्री फक्त डोक्यावर. चारी बाजूंनी गुंडाळली की आतला माल उबून बुरशी धरतो.

वाळलंय का ते कसं ओळखायचं? तोंडावर मधून निघालेल्या चिरा दिसतात, साल नखाने उचलते, आणि दोन फोडी एकमेकींवर मारल्या की टणटण वाजतात. ओल्या असतील तर आवाज बसका येतो. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, पण ते टोचायचं असतं नव्याने फोडलेल्या आतल्या अंगाला, बाहेरच्या नाही. यंत्र नसेल तर थप्पीच्या मधल्या चार फोडींवर खडूने खूण करून दर आठवड्याला वजन घ्या. वजन उतरायचं थांबलं की माल तयार. आमच्या उन्हात सुबाभळीची मनगटी फोड मार्च ते मे या तीन महिन्यांत होते. जाड बाभळीला त्याहून जास्त दिवस द्यावे लागतात.

थप्पीत हात घालताना आधी काठीने ठोका. विंचू तर असतातच, पण आमच्या भागात घोणस आणि फुरसं आहे. हातमोजे आणि बूट घातल्याशिवाय मी कोणालाही कामाला लावत नाही. काही झालंच तर मांत्रिक-बिंत्रिक नाही. प्रतिसर्पविष कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळतं ते आधीच विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

आणि आग. वखारीत विडी-सिगारेट बंद, थप्प्यांवरून विजेची तार नाही, पाण्याची टाकी कायम भरलेली, आणि विमा.

गिऱ्हाईक

गुऱ्हाळवाला तुमचं गिऱ्हाईक नाही, त्याचं चिपाड घरचं असतं. बेकरी नियमित घेते, पण सगळा भार तिच्यावर टाकू नका. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं. ते मुंबईपुरतं आहे, तरी बाकीची शहरंही धुराबाबत कडक होणारच, असं मला वाटतं.

गॅसशी भावात स्पर्धा करू नका. 19 किलोच्या एका सिलिंडरचं काम उघड्या चुलीवर दोनशे किलोहून जास्त लाकूड खातं. म्हणून आचाऱ्यांना मी स्वतःच सांगते, तिन्ही बाजूंनी बंद आणि खालून हवा घेणारी भट्टी करा, जळण बरंच वाचेल. माझं लाकूड कमी खपतं, पण गिऱ्हाईक टिकतं. लग्नसराई, जत्रा, हुरडा, चुलीवरच्या जेवणाचे ढाबे, घरोघरचे बंब हे आमचं मुख्य गिऱ्हाईक.

स्मशानाचं जळण या सगळ्यांपासून वेगळं धरा. एका दहनाला 300 किलोच्या आसपास लाकूड लागतं, शेण्या वेगळ्या. त्याची थप्पी निराळी, पक्क्या छपराखाली, वर्षभर भरलेली, आणि तिला दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही. वेळ कोणतीही असो, फोन आला की उठायचं. जाड ओंडके, मधल्या फोडी आणि बारीक पेटवण अशा तीन वाटण्या करून, सरणात खाली लागणारं गाडीत शेवटी भरायचं, म्हणजे तिथे ते आधी उतरतं. भाव एकच, रात्रीचा जादा नाही, पावसाळ्याचा जादा नाही, आणि पैशाचा विषय दहा दिवस काढायचा नाही. भर पावसात ओल्या लाकडाने सरण विझतं तेव्हा त्या घराचे काय हाल होतात ते आम्ही गावात पाहिलेलं आहे, म्हणून एवढं सांगते.

माल घेताना भरली आणि रिकामी अशी दोन्ही वजनं भुईकाट्यावर करून दोन्ही पावत्या ठेवा. उधारी बेकरीला आठवड्याची, आचाऱ्याला त्या लग्नापुरती. मागचं मिटल्याशिवाय पुढची गाडी नाही.

सुरुवात दिवाळीनंतर करा. पहिल्या वर्षी चार-पाच टनांच्या वर जाऊ नका. तेवढंही फोडून, रचून, विकून बघितलं की तुमच्या गावात कोणतं माप चालतं ते कळतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी खरेदी आणि फोडाई, मार्च ते मे वाळवण, आणि मृगाच्या आधी निम्मा माल छपराखाली. जूनमध्ये चौकशी वाढते तेव्हा सगळा माल एकदम काढू नका, गणपतीपर्यंत पुरवा. त्या तीन महिन्यांत गावात वाळलेलं जळण फक्त तुमच्याकडे असतं.