औषध कालवण्याआधी पाण्याचा सामू बघा

फवारणीचा हंगाम तोंडावर आला की औषध कोणतं, मात्रा किती यावर खूप बोललं जातं. ज्या पाण्यात ते कालवायचं, त्याचा सामू मात्र फार थोडे जण बघतात. उन्हाळ्यात विहिरी-बोअरची पातळी खाली गेली की पाण्यातले क्षार बऱ्याचदा वाढतात, त्यामुळे मागच्या हंगामातली तपासणी आज धरून चालू नका.

सामू म्हणजेच पीएच. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी 1909 मध्ये हे माप मांडलं. 7 म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, वर विम्लधर्मी. इथे एका अंकाचा फरक दहापटीचा असतो. 7 चा 8 झाला की हायड्रोजन आयन एक दशांश उरतात, 9 झाला की शंभरावा भाग. म्हणून ‘साडेआठच तर आहे’ असं म्हणून सोडून देऊ नका.

विम्लधर्मी पाण्यात काही औषधांचे रेणू तुटतात. कॅप्टन हे बुरशीनाशक आम्लधर्मी पाण्यात कित्येक तास टिकतं, पण सामू 8 च्या वर गेला की काही मिनिटांतच निम्मं संपतं. टाकी भरून ठेवली आणि नोझल साफ करत बसलात, तर तेवढ्या वेळात औषध गेलेलं असतं. मग दोष औषधावर येतो.

उपाय सोपा आहे. 1 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड पाण्यात विरघळवून 100 मिली द्रावण करा. फवारणीचं 1 लिटर पाणी बाटलीत घ्या, त्यात हे द्रावण 5-5 मिली टाकत जा आणि दर वेळी ढवळून पीएच पट्टी बुडवा. सातच्या खाली आल्यावर पट्टीचा रंग अडून बसल्यासारखा वाटेल. पाण्यातलं बायकार्बोनेट (विरघळलेला एक क्षार) त्या वेळी आम्ल खात असतं. ते संपत आलं की सामू झपकन उतरतो, म्हणून हात आखडता घ्या. 6 च्या आसपास थांबा. समजा 30 मिली लागलं, तर लिटरला 0.3 ग्रॅम आणि 200 लिटरच्या टाकीला 60 ग्रॅम. शेजाऱ्याचा आकडा उचलू नका. दोघांच्या पाण्याचा सामू 8 असला, तरी बायकार्बोनेट वेगळं असेल तर आम्लही वेगळं लागतं.

आधी पाणी, मग आम्ल, पुन्हा पट्टी, आणि औषध शेवटी.

ताम्रयुक्त औषधांना मात्र हे अजिबात करू नका. बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) आम्ल पडलं की तांबं जास्त विरघळतं आणि पानं करपतात. सल्फोनिलयुरिया गटातली तणनाशकं तर उलट आम्लधर्मी पाण्यातच लवकर तुटतात. लेबलवर सामूबद्दल काही लिहिलं असेल, तर तेच पाळा. आणि कालवलेलं द्रावण रात्रभर ठेवू नका, त्याच दिवशी संपेल एवढंच करा.