हिवाळ्यापूर्वी स्प्रिंकलरची पाइपलाइन रिकामी कशी करावी

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि त्या दाबापुढे पितळही टिकत नाही. म्हणून मुख्य व्हॉल्व्ह नुसता बंद करून भागत नाही. पाइपांत साचलेले पाणी बाहेर काढणे हेच खरे काम आहे आणि ते पारा शून्याखाली जाण्याआधीच उरकायला हवे.

मुख्य व्हॉल्व्ह व कंट्रोलर (ठरलेल्या वेळी पाणी सोडणारे यंत्र) बंद केल्यावर पाइपलाइनच्या सखल टोकाला निचऱ्याचा व्हॉल्व्ह असल्यास तो उघडावा. पाइपांना पुरेसा उतार नसेल तर पाणी खोलगट भागांत साचून राहते आणि अशा वेळी कॉम्प्रेसरची हवा सोडावी लागते. ही हवा बॅकफ्लो प्रिव्हेंटरच्या (पाइपांतले पाणी उलटे पुरवठ्याच्या नळात जाऊ न देणाऱ्या उपकरणाच्या) पुढच्या जोडातून सोडावी, त्याच्यामधून कधीही नाही. हवेचा दाब पीव्हीसी पाइपांसाठी ८० पीएसआय (दर चौरस इंचावर पाउंड) आणि पॉलिथिलीन पाइपांसाठी ५० पीएसआय यापेक्षा वाढू देऊ नये. आधी सर्वांत दूरच्या किंवा उंचावरच्या झोनचा (एका व्हॉल्व्हवर चालणाऱ्या स्प्रिंकलरच्या गटाचा) व्हॉल्व्ह उघडावा आणि मगच हवा सोडावी. नोझलमधून फक्त बारीक तुषार येऊ लागले की थांबावे. एकाच झोनमध्ये हवा दीर्घकाळ चालू ठेवण्यापेक्षा दोन छोट्या फेऱ्या चांगल्या, कारण पाण्याविना फिरणाऱ्या स्प्रिंकलरचे दाते घर्षणाने तापून झिजतात. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा आणि दाब असेपर्यंत कोणीही स्प्रिंकलरवर वाकू नये. याबाबतीत हयगय नको.

सर्वाधिक जपावे लागते ते जमिनीच्या वर उघड्यावर असलेल्या बॅकफ्लो प्रिव्हेंटरला. त्याच्या दोन्ही बाजूंचे बॉल व्हॉल्व्ह पूर्ण बंद केले, तर आतल्या पोकळ गोळ्यात पाणी कोंडते आणि ते गोठले की बाहेरचे पितळ तडकते. तो तडा इतका बारीक असतो की पुढच्या हंगामात पाणी सोडेपर्यंत लक्षातही येत नाही. म्हणून निचरा झाल्यावर दोन्ही मुठी ४५ अंशांत अर्धवट ठेवाव्यात आणि चाचणीच्या छोट्या तोट्याही अर्ध्या उघड्या ठेवाव्यात.

उघड्या पाइपांवर फोमचे आवरण जरूर घालावे, मात्र हवा व पाणी बाहेर पडण्याची छिद्रे बुजवू नयेत. आवरणामुळे उष्णता सावकाश निघून जाते इतकेच, त्यामुळे भरलेल्या पाइपाचे सलग कडाक्याच्या थंडीपासून रक्षण होत नाही.

थंडी सरल्यावर तोट्या बंद करून मुख्य व्हॉल्व्ह अगदी हळूहळू उघडावा, कारण एकदम सुटलेल्या पाण्याच्या धक्क्याने जोड निखळू शकतात.