नॅशनलला १६०० मीटर नसतं, मग इव्हेंट कुठला धरायचा?

आमच्या ग्राऊंडवर सकाळी येणारी निम्मी पोरं पोलीस भरतीवाली, त्यामुळे त्यांच्या डोक्यात ॲथलेटिक्स म्हणजे १६००, १०० मीटर आणि गोळा, संपलं. त्यातला एखादा भारी पळायला लागला की लगेच विचारतो, दादा नॅशनलला १६०० किती मिनिटात मारावं लागतं? अरे ते तिथे नसतंच, १५०० असतं, पावणेचार राउंड, आणि स्टार्ट फिनिश लाइनवर नाही तर १०० मीटर पुढे, वळण संपतं तिथे.

माझं सरळ म्हणणं आहे, १०० मीटरला चिकटून बसण्याआधी सगळी इव्हेंट लिस्ट एकदा नीट वाचा. १०० ला सगळीकडेच झुंबड असते, हीट्सवर हीट्स (फायनलआधीच्या फेऱ्या), त्यात एक फॉल्स स्टार्ट झाला, म्हणजे बंदुकीआधी सुटलात, की बॅग उचलून घरी. लांब उडीला निदान तीन जंप मिळतात, पहिल्या आठात आलात तर आणखी तीन. तिहेरी उडी, हातोडाफेक, ४०० हर्डल्स याकडे पोरं बघतच नाहीत, बांबू उडीचं समजू शकतो, पोल आणि मॅट सगळीकडे कुठून आणणार.

गोळावाल्यांनो, भरतीचा ७.२६ किलोचा गोळा हा सीनियर पुरुषांचा आहे. अंडर १८ मुलांना ५ किलो, अंडर २० ला ६. वय कमी असताना जड गोळा ढकलत बसलात तर टेक्निकची वाट लागते.

आणि ज्यांचं १५०० बरं आहे पण शेवटच्या २०० ला स्पीड कमी पडतो, त्यांनी स्टीपलचेस बघाच. ३००० मीटर, २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याची उडी. हर्डल पायाने पडतं, हा पडत नाही, जाड लाकडी ओंडकाच तो, पुरुषांना ९१.४ सेंमी, महिलांना ७६.२. पाण्याच्या उडीला ओंडक्यावर पाय देऊन लांब ढकलायचं, कारण खड्डा अडथळ्याजवळ खोल आणि पुढे उथळ होत जातो, जवळ पडलात की बूट भरले, लय गेली. बीडचा अविनाश साबळे आर्मीत क्रॉस कंट्री पळता पळता इकडे आला आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगला (ऑलिम्पिकला नाही) ८:०९.९१ काढले. साताऱ्याच्या माणची ललिता बाबर मॅरेथॉनमधून आली आणि रिओ ऑलिम्पिकच्या फायनलला दहावी!

बाकी कॉल रूमची (रेसआधी हजेरी आणि तपासणी होते ती जागा) वेळ रेसच्या बरीच आधी असते, तिथे बिब (छातीवरचा नंबर), स्पाइक्स म्हणजे पळायच्या बुटांचे खिळे सगळं बघतात, सिंथेटिक ट्रॅकवर ९ मिमीपर्यंतच चालतात (उंच उडी आणि भाल्याला १२), मोबाईल आत नेऊ देत नाहीत, म्हणून वॉर्मअप कॉल रूमच्या वेळेपासून उलट मोजून सुरू करा आणि खिळ्यांची पाना-किल्ली स्वतःची ठेवा, ऐनवेळी कोणी देत नाही.