दोघांत एक संगणक: प्रोग्रॅमिंगचा पहिला धडा एसटीच्या तिकिटावर

नव्यानं संगणक शिकवायला लागलेले शिक्षक भेटले की पहिली अडचण तीच सांगतात. वर्गात मुलं पन्नास, चालू संगणक बारा-तेरा, त्यात दुपारची वीज जाते. प्रोग्रॅमिंग शिकवायचं कसं? मी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात माध्यमिक शाळेत शिकवते. माझं ठाम मत आहे की संगणक कमी असल्यानं मुलांचं जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त विचार न करता टाइप केल्यानं होतं. फळ्यावरचा प्रोग्रॅम उतरवला, चालवला, उत्तर आलं, वहीत लिहिलं. यातून बोटांना टायपिंगची सवय होते, बाकी काही नाही.

म्हणून माझ्या तासाला एक नियम आहे: प्रोग्रॅम चालवण्याआधी त्याचं उत्तर प्रत्येकानं कागदावर लिहायचं. चुकलेलं चालेल, कोरं चालणार नाही. खाली जे सांगते आहे ते सगळं या एका नियमासाठी आहे.

सुरुवात मी नववीला पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेनं करते. पुढे अकरावीला माहिती तंत्रज्ञान विषय घेतला तर जावास्क्रिप्ट येते, बारावीला पीएचपी. तिथं महिरपी कंस आणि अर्धविराम सांभाळताना मुलं मूळ विचार विसरतात. तो विचार आधीच पक्का झालेला बरा.

आदल्या दिवशी

सगळे संगणक सुरू करून बघा, आणि तेवढ्यावर थांबू नका. प्रत्येकावर आयडल (पायथनसोबत येणारी, प्रोग्रॅम लिहायची आणि चालवायची खिडकी) उघडा, एक ओळ छापा, फाइल सेव्ह करा, एफ ५ दाबून चालवा. एखाद्या कीबोर्डचं नेमकं कंसाचं बटण मेलेलं असतं आणि ते भर तासात कळतं. विंडोज ७ असलेल्या जुन्या यंत्रांवर पायथन ३.८ च्या पुढची आवृत्ती चालत नाही. एक जरी यंत्र असं असेल तर सगळीकडे ३.८ च टाका. नाहीतर एकाच चुकीवर शेजारशेजारच्या जोड्यांना वेगवेगळे संदेश दिसतात आणि तुमचा निम्मा तास ते समजावण्यात जातो.

जोड्या लावताना

तेरा यंत्रांवर सव्वीस मुलं, उरलेली बाकांवर कागद घेऊन, आणि तास अर्धा झाला की अदलाबदल. बाकावरच्या मुलांना हे दुय्यम काम वाटता कामा नये, म्हणून पहिल्या तासाला चुणचुणीत मुलं मी मुद्दाम बाकावर बसवते.

जोडीत एक जण टाइप करणार, दुसरा सांगणार. टाइप करणाऱ्यानं स्वतःचं डोकं चालवून ओळ घालायची नाही आणि सांगणाऱ्यानं कीबोर्डला हात लावायचा नाही. सात-आठ मिनिटांनी टेबलावर डस्टर आपटायचा की जागा बदलायच्या. हे काटेकोर पाळा. ढिलाई केली की ज्याच्या घरी संगणक आहे, किंवा जो सुट्टीत ई-सेवा केंद्रात जाऊन बसतो, तो कीबोर्ड सोडत नाही. शेजारची मुलगी तासभर नुसती बघत राहते, आणि वर्षअखेरीस तिला वाटतं की हा विषय आपला नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. म्हणून सवय असलेल्या मुलाला आधी ‘सांगणारा’ करा. मनातलं शब्दांत सांगायची वेळ आली की त्यालाही कळतं, आपल्याला काय येतं आणि काय नुसतं पाठ आहे.

आमच्याकडे बऱ्याच मुलांच्या घरी कन्नड बोलतात. जोडीत ती आपापसात कन्नडमध्ये समजावत असतील तर मी अडवत नाही. अट कुठल्याही भाषेत समजली तरी प्रोग्रॅम तोच लिहायचा आहे.

आता धडा

पुस्तकात अटींसाठी पहिलं उदाहरण बहुधा ‘संख्या सम की विषम’ हे असतं. त्यात दोनच वाटा असल्यामुळे अटींचा क्रम चुकायला वावच नाही. माझ्या मते खरा धडा क्रमातच आहे, आणि तो शिकवायला एसटीच्या तिकिटाइतकं चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही. निम्मी मुलं रोज एसटीनं येतात, त्यामुळे नियम त्यांना तोंडपाठ असतात.

फळ्यावर नियम मुलांकडूनच काढून घ्या. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. पाच ते बारा अर्धं. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांना अर्धं. पंचाहत्तरच्या वरच्यांना २०२२ पासून मोफत. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं. बाकीच्यांना पूर्ण. हिशेब सोपा पडावा म्हणून पूर्ण भाडं शंभर रुपये धरा.

मग प्रवासी लिहा: चार वर्षांची चिंगी, बारा वर्षांचा बंड्या, अडतीस वर्षांची आई, चाळीस वर्षांचे मामा, सत्तर वर्षांचे आबा, ऐंशी वर्षांची आजी. प्रत्येकाला किती पैसे पडतील ते मुलांनी वहीत लिहायचं. इथवर संगणकाचं नावही काढायचं नाही. सगळ्यांची उत्तरं बरोबर येतात आणि मुलं खूश होतात.

आता अटी एकाखाली एक लिहायला सांगा: वरची अट खरी ठरली की तिथंच तिकीट फाडायचं, खालच्या अटी बघायच्याच नाहीत. पायथनमधले इफ (‘जर’) आणि एलिफ (‘नाहीतर जर’) हे शब्द हेच करतात. बहुतेक जोड्या पहिली अट ‘महिला असेल तर अर्धं’ अशी लिहितात, कारण घरात सध्या त्याच सवलतीची चर्चा असते. लिहू द्या. मग चिंगीला त्या अटींमधून चालवा. चिंगी मुलगी आहे, पहिलीच अट खरी, पन्नास रुपये. पाच वर्षांखालच्या पोरीला तिकीट! मग आजी. तिलाही पन्नास. दोघींचा प्रवास फुकट हवा होता हे वहीत त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं असतं, त्यामुळे तुम्हाला ‘चूक’ म्हणावंही लागत नाही.

कोणीतरी लगेच महिलांची अट खाली नेतं आणि पासष्टची वर आणतं. चिंगी सुटते, आजी पुन्हा अडकते, कारण ऐंशी हे पासष्टपेक्षा जास्तच आहे. पंचाहत्तरची अट पासष्टच्या वर हवी, हे मुलांना इथं सापडतं. हे तुम्ही सांगायचं नाही. मोह होतो, वेळ कमी असतो, तरी गप्प राहा. एका जोडीला सापडलं की मागच्या बाकापर्यंत आपोआप पोचतं.

सीमेवरच्या वयांवर मात्र मुद्दाम रेंगाळा. बरोबर बारा वर्षांच्या बंड्याचं काय? पंचाहत्तर पूर्ण झालेल्या आजोबांचं काय? ‘पेक्षा जास्त’ आणि ‘पेक्षा जास्त किंवा समान’ ही चिन्हं पाठ करून कळत नाहीत. बंड्याला शंभर रुपये पडतात तेव्हा कळतात. वर्गात वाद झाला तर निकाल देऊ नका. परत जाताना कंडक्टरकाकांना विचारून या, म्हणावं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला नियम माहीत असणाऱ्या माणसाला जाऊन विचारावंच लागतं, ही सवय इथूनच लागते.

ज्यांचं लवकर होतं त्यांच्यासाठी पुढचा प्रश्न तयार ठेवा: आपल्याकडची एसटी कर्नाटकात जाते आणि महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे, तर जत ते विजयपूरचं आईचं तिकीट कसं काढाल? इथं भाड्याचे दोन भाग करावे लागतात. हुशार जोडीलाही घाम फुटतो.

यंत्रावर बसल्यावर

कागदावर चलांना (प्रोग्रॅम ज्यांत किंमती साठवतो त्या डब्यांना) मराठी नावं द्यायला मी सांगते: वय, भाडं, सवलत. त्यामुळे फळ्यावर इंग्रजी दिसलं की ते पायथनचं आणि मराठी दिसलं की आपलं, हा फरक पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरतो. पायथन ३ मध्ये देवनागरी नावं खरोखर चालतात. तरी पहिले काही तास यंत्रावर तीच नावं रोमनमध्ये टाइप करू द्या, कारण दर ओळीला कीबोर्डची भाषा बदलण्यात मुलं हरवतात.

आकड्यांचीही एक गंमत दाखवा. वय विचारल्यावर मुलानं देवनागरीत ६५ टाइप केलं तरी इंट (टाइप केलेल्या अक्षरांचा आकडा करणारी पायथनची आज्ञा) ते बरोबर पासष्ट म्हणून वाचतो. पण प्रोग्रॅमच्या आत तोच ६५ देवनागरीत लिहिला तर सिंटॅक्स एरर, म्हणजे भाषेच्या नियमांची चूक, येते. आणि इंट लावायचाच विसरला तर वय हे आकडा न राहता अक्षरं होतात आणि वयाच्या पहिल्याच अटीवर टाइप एरर, कारण अक्षरांची आकड्याशी तुलना होत नाही. इथं मुलांना एक प्रयोग करू द्या: इनपुटमधून (कीबोर्डवरून) घेतलेल्या शंभरला इंट न लावता दोननं गुणा. दोनशे येत नाही, शंभरशेजारी शंभर चिकटतो. हे एकदा स्वतः पाहिलेलं मूल इंट विसरत नाही.

चूक आली की मुलं हात वर करतात. धावत जाऊ नका. लाल अक्षरांची शेवटची ओळ मोठ्यानं वाचायला लावा, मग ओळीचा क्रमांक. नेम एरर म्हणजे नाव कुठंतरी वेगळं लिहिलंय. इंडेंटेशन एरर म्हणजे ओळीच्या सुरुवातीची जागा चुकली. सिंटॅक्स एररला मात्र दाखवलेल्या ओळीची वरची ओळही तपासायला शिकवा, ३.८ मध्ये कंस बंद करायचा राहिला तर बोट खालच्या, निर्दोष ओळीवर ठेवलं जातं. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून उतरवलेल्या प्रोग्रॅममध्ये अवतरणचिन्हं वाकडी असतात आणि पायथनला ती चालत नाहीत. ती खोडून पुन्हा टाइप करायची, एवढाच उपाय.

आणि तुम्ही स्वतः त्यांच्या माउसला हात लावू नका. मी फिरताना हात मागे बांधते. मुलांना तीनच प्रश्न विचारते: काय व्हायला हवं होतं? काय झालं? ते कुठल्या ओळीपासून बिघडलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर कागद काढायला लावते: एका रकान्यात ओळ, दुसऱ्यात वय, तिसऱ्यात अट खरी की खोटी, चौथ्यात भाडं. हा तक्ता भरताना बहुतेक चुका सापडतात. वीज गेली तरी तो भरता येतो, म्हणून आमच्याकडे त्याला फार किंमत आहे. फक्त दर पाच मिनिटांनी कंट्रोल एस दाबायची आठवण द्या.

गुण देताना

जर्नल बघून गुण देऊ नका. सुवाच्य जर्नल एकाचं असतं आणि बाकीच्यांनी ते उतरवलेलं असतं. आता तर फोनवर विचारलं की अख्खा प्रोग्रॅम तयार मिळतो. त्यासाठी मुलांवर चिडण्यात अर्थ नाही. मी तोंडी परीक्षेत मुलाच्याच प्रोग्रॅममधल्या दोन अटींची जागा बदलते आणि विचारते, ‘आता आजीला किती पडतील?’ तिकीट स्वतः फाडलेलं मूल दोन क्षण थांबून उत्तर देतं. उतरवलेलं मूल चालवून बघू का, असं विचारतं. त्याला कमी गुण देऊन मोकळं होऊ नका. तक्ता हातात द्या, आजीचं वय घालून भरायला सांगा आणि तो भरल्यावर पुन्हा विचारा.

पुढच्या तासाला फॉर लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करायला सांगणारी आज्ञा) घेणार असाल तर पाढे छापायला द्या. रेंजमध्ये (कुठून कुठपर्यंत मोजायचं ते जिथं सांगतो तिथं) एक ते दहा लिहिलं तर पाढा नऊवरच थांबतो, हे आधी सांगू नका. किती ओळी छापल्या जातील तो आकडा आधी कागदावर लिहून घ्या, मगच एफ ५ दाबू द्या.